मदत हवी आहे: इंग्रजीचे अवघड शब्द तोंडात कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ औशात राहून एनडीएची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतोय, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. सामान्य क्षमता चाचणीत 600 पैकी 200 गुण इंग्रजीला आहेत. 'मेटिक्युलस', 'रिलक्टंट' असे शब्द वहीत अर्थासकट उतरवून पाठ करतो, पण वाक्यात वापर म्हटलं की अडतो. घोकंपट्टीपेक्षा मूळ धरून शिकणं मला पटतं. 'बेने' म्हणजे चांगलं, एवढं कळलं की 'बेनिफिट', 'बेनेव्होलंट' सोबतच लक्षात राहतात. पण लेखी परीक्षेनंतर पुढे एसएसबीच्या (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीत इंग्रजी बोलायचंय, आणि घरात इंग्रजी बोलणारं कुणीच नाही. लातूर-नांदेडकडच्या कुणी मराठी माध्यमातून हे जमवलंय का? रोज किती शब्द घ्यावेत, उजळणी कशी ठेवावी? पोरगं लई जिद्दीचं आहे, प्लीज सांगा.