मदत हवी आहे: श्रीलिपीतला कवितासंग्रह युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’ बिघडतोय

नमस्कार मंडळी. सांगलीत आम्ही काही लिहिणाऱ्यांनी वर्गणी काढून सहकारी तत्त्वावर छोटं प्रकाशन चालवलंय. आपल्याच भागातले कवी, कथाकार. आवृत्ती 300 प्रतींची. आता एका जुन्या संग्रहाची दुसरी आवृत्ती काढायची आहे. मजकूर पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी फाँटात, म्हणजे युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही. ज्यांनी डीटीपी केलं त्यांनी दुकान बंद केलं, त्यामुळे श्रीलिपीचा डोंगल (ती चालवायला संगणकाला जोडावी लागणारी किल्ली) नाही. फायली आणि पीडीएफ तेवढी हाताशी आहे.

ऑनलाइन कन्व्हर्टर वापरून पाहिले. साधा मजकूर येतो, पण ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं की डोंगरातली कविता थेट समुद्रात! शोधा-बदला करता येत नाही, कारण ‘सूर्य’, ‘कार्य’ही त्यात सापडतात. शिवाय ओळी एकमेकींना चिकटतात, कडव्यांमधली जागा जाते. पीडीएफवरून ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) केलं तर ओळी बऱ्या राहतात, पण बोलीतले अनुस्वार गळतात, आणि आमच्या कवितांत ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘म्हनलं’ असंच सगळं, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस उलटा त्रासच देतो.

नवी मांडणी इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये करतोय, तिथं वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू आहे. हातानं टाइप केलेला ‘ऱ्य’ तिथं नीट दिसतो, म्हणजे घोळ रूपांतरातच आहे.

पुस्तक डेमी आकाराचं, 96 पानी. पैसे बेताचे, कवी वयस्कर, ते प्रूफ कागदावरच वाचतात. दोनदोनदा प्रूफं काढणं परवडत नाही.

‘ऱ्य’ आणि ओळींची तोड दोन्ही राखणारा, डोंगलशिवाय चालणारा कन्व्हर्टर कुणी स्वतः वापरलाय का? की 96 पानांसाठी सरळ नव्यानं टाइप करून घेणंच स्वस्त पडेल, आणि सांगली-मिरजेत पानामागं सध्या काय दर चालू आहे?