मदत हवी आहे: वर्गातल्या कार्यपत्रिकांची पुस्तिका छापायची आहे, त्यातल्या क्लिपआर्टचे काय?

पाटीपेन्सिल:
पहिली-दुसरीसाठी अक्षरओळख आणि परिसर अभ्यासाच्या ६४ कार्यपत्रिका वर्डमध्ये तयार आहेत. त्यांत २१० चित्रे आहेत. वर्डच्या 'ऑनलाइन पिक्चर्स'मधून ९०, गूगल इमेजेसवरून ७०, फुकट चित्रांच्या साइटवरून ३०, बालभारतीच्या जुन्या पुस्तकातून स्कॅन केलेली ८ आणि उरलेली १२ व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफमधून कापलेली.

आतापर्यंत झेरॉक्स काढून वर्गातच वापरल्या. आता (अ) तालुक्यातल्या शिक्षकांच्या गटात पीडीएफ टाकायची, (आ) ५०० प्रती छापून ६० रुपयांना द्यायच्या आणि (इ) त्याच पानांचे यूट्यूब व्हिडिओ करायचे, असा विचार आहे. 'शैक्षणिक कामाला सगळे चालते' असे गटात सगळे सांगतात. खरेच चालते का?

कलमदान:
वर्गात चालते. तुमच्या (अ), (आ), (इ)ला तो न्याय लागत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(आय) पाहा. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत हा भंग धरला जात नाही. परीक्षेच्या प्रश्नांत आणि उत्तरांत घेतलेली प्रतही तशीच. हे कोणत्याही कृतीला लागू आहे, म्हणजे चित्रांनाही. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ ला हे बरेच मोकळे केले. शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त तास चालू असतानाची वेळ नव्हे, झेरॉक्स दुकानदाराने काढून दिली म्हणून बिघडत नाही, आणि पानांची ठरावीक मर्यादा नाही; शिकवायला त्या मजकुराची गरज आहे का, एवढेच बघायचे. तेव्हा आजवरच्या झेरॉक्सची काळजी सोडा.

पण हे कलम प्रत काढण्यापुरते आहे. शाळेसाठी पुस्तक प्रकाशित करायचे तर (एच) हे वेगळे पोटकलम आहे आणि ते फार अरुंद आहे: संग्रहातला मुख्य मजकूर हक्कमुक्त हवा, उतारे छोटे हवेत, एका लेखकाचे एकाच प्रकाशकाकडचे ५ वर्षांत दोनच. शिवाय ते साहित्य आणि नाट्य यांच्याबद्दलच बोलते. चित्रांचे नावही नाही. म्हणजे (आ)मध्ये तुम्ही शिक्षक असण्याचा काडीचा उपयोग नाही. प्रत्येक चित्राचा परवाना लागेल.

(इ)चेही तेच. यूट्यूबवर खुले टाकणे म्हणजे लोकांपर्यंत पोहोचवणे, तो हक्कच वेगळा. (अ)मध्ये फरक एवढा की स्वतःच्या वर्गाच्या पालकगटात आजचा अभ्यास पाठवला तर तो शिकवण्याचा भाग म्हणता येतो. तालुक्यातले शिक्षक तुमचे विद्यार्थी नाहीत, आणि गटात टाकलेली पीडीएफ संध्याकाळपर्यंत चार जिल्ह्यांत पोहोचलेली असते.

उंबरठा:
१० टक्क्यांपर्यंत वापर चालतो असा नियम आहे ना? आणि चित्रात ३० टक्के बदल केला की ते आपलेच होते.

कलमदान:
दोन्ही नियम आपल्या कायद्यात नाहीत. आणि १० टक्के म्हणजे कशाचे? ससा घेतला की अख्खा ससा घेतला. रंग बदलणे, आरसाप्रतिमा करणे, ट्रेस करणे ही रूपांतरे आहेत, त्यांनाही परवानगी लागते. चित्रावरचा वॉटरमार्क (मालकाची फिकट खूण) किंवा कर्त्याचे नाव पुसणे तर आणखी वाईट. कलम ६५बी खास त्यासाठी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

रेघोट्या:
आता चित्रांकडे वळू. तुमची वर्डची ९० चित्रे सगळ्यात फसवी आहेत.

मायक्रोसॉफ्टचा जुना क्लिपआर्टचा साठा २०१४ च्या अखेरीस बंद झाला. तेव्हापासून ऑनलाइन पिक्चर्स म्हणजे बिंगचा शोध. 'क्रिएटिव्ह कॉमन्स ओन्ली' (म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर वापरायला मोकळी केलेली चित्रेच) या चौकटीत खूण असेल तर चित्राखाली वर्ड बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ टाकते: हे छायाचित्र, कर्ता अज्ञात, परवाना सीसी बाय-एसए (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, बाय म्हणजे श्रेय द्या, एसए म्हणजे बदललेले चित्र त्याच परवान्याखाली द्या). पान नीट दिसत नाही म्हणून बहुतेक जण पहिल्यांदा तीच ओळ उडवतात. तुम्हीही उडवली असेल, तर त्या चित्राचा माग गेला.

ओळ शिल्लक असली तरी 'कर्ता अज्ञात' म्हणजे श्रेय नव्हे. सुरुवातीच्या शब्दांवर दुवा दडलेला असतो. त्यावर उजवी टिचकी मारून पत्ता कॉपी करा, पान उघडा. बऱ्याचदा तो कोणाचा तरी ब्लॉग निघतो, त्याने ते चित्र दुसरीकडून उचललेले असते, आणि ब्लॉगचा परवाना चित्राला लागत नाही. मग ते चित्र टिनआय किंवा गूगल लेन्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयींमध्ये टाकून पहिली जागा शोधा. विकिमीडिया कॉमन्सवर सापडले तर फाइलच्या पानावर कर्ता आणि परवाना दोन्ही मिळतात. एका चित्राला पाच मिनिटे द्या, तेवढ्यात मूळ हाती नाही लागले तर चित्र बदला. ९० चित्रांमागे पळण्यापेक्षा नवी घेणे लवकर होते.

गूगलवर टूल्समध्ये 'युसेज राइट्स' ही गाळणी आहे. ती साइटने सांगितलेल्या माहितीवर चालते, ती माहिती खरी आहे याची हमी गूगल देत नाही. गाळणी न लावता घेतलेली ७० आणि व्हॉट्सअ‍ॅपची १२ सरळ काढा. छोटा भीम, डोरेमॉन त्यांत असतील तर हाताने पुन्हा काढूनही उपयोग नाही, ती पात्रेच मालकीची आहेत. बोलक्या भिंतींवर सर्रास दिसतात, पण सजावट म्हणजे शिकवणे नव्हे.

नवी कोठून घ्यायची:

ओपनक्लिपार्ट: सीसी झीरो. श्रेय न देता, बदल करून, विकूनही चालते. फळे, प्राणी, भांडी भरपूर. आपला पाटा-वरवंटा मात्र शोधावा लागतो.

स्टोरीवीव्हर, प्रथम बुक्सचे: सीसी बाय ४.०. नऊवारीतली आजी, बैलगाडी, हापसा अशी आपली चित्रे इथे मिळतात. श्रेय दिले की विकता येते. तुमच्या पुस्तिकेसाठी माझी पहिली पसंती हीच.

अरासाक: स्पेनमधल्या आरागॉन सरकारची चित्रचिन्हे, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी उत्तम. पण परवाना सीसी बाय-एनसी-एसए (एनसी म्हणजे व्यापारी वापर नको), म्हणून वर्गात घ्या, विक्रीत नको.

पिक्साबे: जानेवारी २०१९ पर्यंत सीसी झीरो, नंतर त्यांचा स्वतःचा परवाना. आधी उतरवलेल्या चित्राला जुनाच परवाना राहतो, पण कधी उतरवले याचा पुरावा आपल्याकडे हवा.

फ्रीपिक, फ्लॅटआयकॉन: फुकट खात्यात श्रेय द्यावेच लागते. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर प्रतीमागे पुन्हा नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

चित्र एसव्हीजी (कितीही मोठे केले तरी न फाटणारा फाइलप्रकार) मिळाले तर तेच घ्या. पीएनजी (ठिपक्यांचे चित्र) असेल तर ५ सेंटिमीटर रुंदीच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण ५९० पिक्सेल लागतात. शोधाच्या पानावरून ओढून घेतलेले २०० पिक्सेलचे चित्र रिसोवर (स्टेन्सिलने छापणारे यंत्र) काळा डाग होऊन येते.

पाटीपेन्सिल:
खूप आभार. आणखी तीन शंका.
१) ६० रुपये म्हणजे छपाईचा खर्चच आहे. तरी एनसी चालणार नाही?
२) झाडाच्या भागांच्या चित्रावर इंग्रजी नावे आहेत. ती खोडून मूळ, खोड, पान लिहिले तर?
३) एक बाय-एसए चित्र घेतले तर अख्खी पुस्तिका फुकट द्यावी लागते असे ऐकले.

रेघोट्या:
१) एनसीची कसोटी वापराचा मुख्य हेतू काय, ही आहे. वापरणारा शाळा आहे की कंपनी, याने ती ठरत नाही. शाळेने दुकानदाराकडून छापून घेणे चालते. अमेरिकेत ग्रेट माइंड्स या संस्थेने फेडेक्सवर (झेरॉक्स-छपाईची दुकाने चालवणारी कंपनी) लावलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तसेच ठरवले. पण प्रतीला लावलेली किंमत, त्यातून पुढच्या आवृत्तीचा पैसा, दुकानदाराचे कमिशन असे सगळे आले की वाद ओढवून घेतलात. २१० चित्रांत चार एनसी ठेवण्यासाठी ही डोकेदुखी कशाला?

२) नावे बदलणे हे रूपांतर आहे. परवान्यात एनडी (बदल नको) असेल तर ते चित्र वाटता येणार नाही. बाय किंवा बाय-एसए असेल तर चालते, फक्त बदल केल्याचे सांगायचे.

३) नाही. चित्र जसेच्या तसे पानावर ठेवले तर एसए त्या चित्रापुरता राहतो, पुस्तिका तुमचीच. झाडाच्या चित्रावर मराठी नावे घातलीत की ते बदललेले चित्र बाय-एसएखाली द्यावे लागेल, शेजारचा स्वाध्याय नाही.

श्रेयात चार गोष्टी हव्यात: चित्राचे नाव, कर्ता, कोठून घेतले, परवाना. प्रत्येक चित्राखाली नको, शेवटच्या पानावर पानवार यादी चालते. नमुना:
'पान १७, झाडाचे भाग: कर्ता अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०. इंग्रजी नावे काढून मराठी घातली.'
वर्डमधला दडलेला दुवा कागदावर मरतो, म्हणून छापील प्रतीत पत्ता अक्षरांत लिहा. व्हिडिओत ही यादी वर्णनाच्या चौकटीत टाका.

सोबत एक्सेलची एक फाइल ठेवा: पान, फाइलचे नाव, कर्ता, पत्ता, परवाना, उतरवल्याची तारीख, परवाना दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट. साइटवाले चित्र काढून टाकतात, तेव्हा हा स्क्रीनशॉटच कामाला येतो.

कलमदान:
बालभारतीच्या आठ स्कॅनचे राहिले. पुस्तकाच्या आतल्या पानावर स्पष्ट छापलेले असते की सर्व हक्क मंडळाकडे आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. जुनी आवृत्ती बाद झाली म्हणून हक्क संपत नाहीत. अर्ज करा, नाहीतर बदला.

मुदतीचा घोळही नेहमीचा. चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. १९६५ साली वारलेल्या चित्रकाराची चित्रे १ जानेवारी २०२६ ला मोकळी झाली. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे कधीच मोकळी. पण सावित्रीबाई १८९७ साली गेल्या म्हणून नेटवरचे त्यांचे रंगीत चित्र मोकळे होत नाही. ते कालपरवा कोणीतरी काढलेले असते. चित्रातली व्यक्ती कधी गेली हे बघायचे नसते, काढणारा कधी गेला हे बघायचे.

उंबरठा:
आणि कोणी नोटीस पाठवलीच तर?

कलमदान:
आधी स्वतःच्या पानाचा स्क्रीनशॉट, मग चित्र तिथून काढून टाका. एक्सेलमध्ये परवाना सापडला तर तो पाठवा, विषय संपला. नाही सापडला तर पाठवणाऱ्याकडे हक्क त्याचाच असल्याचा पुरावा मागा. तोवर चूक कबूल करणारी मेल लिहू नका, पैसेही भरू नका. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे, नफ्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून कमी करू शकते. रक्कम मोठी मागितली असेल तर वकील गाठा.

पाटीपेन्सिल:
कामाला लागलो. पान ४१ वरचा भारताचा नकाशा ओपनक्लिपार्टचा, सीसी झीरो आहे. तो तरी राहू दे ना?

कलमदान:
परवाना स्वच्छ आहे, नकाशा तपासा. परदेशी क्लिपआर्टमध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाखचा वरचा भाग बहुधा कापलेला किंवा तुटक रेघेने दाखवलेला असतो. सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीखाली वेगळाच गुन्हा आहे, त्याचा कॉपीराइटशी संबंध नाही. त्यांच्या साइटवर बाह्यरेषेचा नकाशा उतरवून घेता येतो, तो घ्या आणि कोठून घेतला ते लिहा. मुलांना रंगवायला सोपा हवा म्हणून सीमा ढोबळ करू नका. रेघ हवी तेवढी जाड करा, वळणे तशीच ठेवा. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपही चौकटीबाहेर गेलेली नाहीत ना, ते बघा.