मदत हवी आहे: आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या कृष्णवर्णीय डॉक्टर
नमस्कार मंडळी. लेक फिलाडेल्फियात मेडिकलला आहे. ब्लॅक हिस्ट्री मंथचं (अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी पाळतात तो महिना) एक पोस्टर तिच्या गळ्यात पडलंय. विषय घेतलाय तिथलंच जुनं विमेन्स मेडिकल कॉलेज. आनंदीबाई जोशी तिथून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, हे शाळेपासून ऐकतोय; पण रिबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी १८६७ लाच तिथून पदवी घेऊन बाहेर पडली होती, हे मला तरी आत्ता कळलं! एलायझा ग्रायर तर जन्मानं गुलाम. एक वर्ष कापूस वेचायचा, पुढचं वर्ष शिकायचं, असं करत १८९७ मध्ये डॉक्टर.

कॉलेजची कागदपत्रं ड्रेक्सेल विद्यापीठात आहेत. कुणी बघून आलंय का? आधी वेळ घ्यावी लागते? आणि पोस्टरवरच्या मराठी ओळीत ‘कृष्णवर्णीय’ लिहू की ‘आफ्रिकन अमेरिकन’? शनिवारी छापायला द्यायचंय.