मदत हवी आहे: मोल आणि चतुर यांची तुलना बिळापाशी अडली

नमस्कार मंडळी,

मुलांसाठी एक भित्तिपत्रक करतेय. विषय मीच ओढवून घेतला: उत्तर अमेरिकेच्या पाणथळीतला स्टार-नोज्ड मोल (बिळं खोदणारा छोटा सस्तन प्राणी) आणि तिथलाच हाइन्स एमराल्ड हा चतुर (ड्रॅगनफ्लाय). विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये दोघेही सापडतात. चतुर 1995 पासून अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त. मोलला तशी काही भीती नाही.

मोलचा रकाना पटकन भरला. भरणारच, नाकच तसलं आहे! नाकपुड्यांभोवती 22 गुलाबी मांसल बोटं, सतत वळवळणारी. डोळे नावापुरते. या बोटांनी चाचपून भक्ष्य ओळखायचं आणि गट्टम करायचं, सगळं मिळून पाव सेकंदाच्या आत. पाण्याखाली तो नाकातून बुडबुडे सोडतो आणि तेच परत ओढून वास घेतो. हे वाचून मी दोन दिवस घरात सगळ्यांना पिडलं.

चतुराचे हिरवेगार डोळे काढायला मजा आली, पण पंख फुटल्यावर तो जगतो जेमतेम काही आठवडे. त्याआधीची चार-पाच वर्षं तो पाण्यात, डिंभक म्हणजे बिनपंखी पिल्लू म्हणून काढतो. त्याला लागतं चुनखडकाळ जमिनीतून झिरपणारं झऱ्याचं पाणी. भूजल उपसलं किंवा दलदल बुजवली की त्याचा संसार उठलाच.

आता घोडं अडलंय ते 'बीळ' या ओळीवर. मोल फावड्यासारख्या पंजांनी स्वतःचं बीळ खोदतो. डिंभक काहीच खोदत नाही. दलदल आटली किंवा हिवाळा आला की तो क्रेफिशच्या (गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा नांगीवाला प्राणी) ओल्या बिळात शिरतो. आणि तो क्रेफिश संधी मिळाली तर त्यालाच खातो! म्हणजे घरमालक म्हणावा की शिकारी? मी आधी 'दोघेही बिळात राहतात' असं लिहून मोकळी झाले होते, ते खोडलं. आता वाटतं क्रेफिशला तिसरा रकानाच द्यावा, पण मग ती दोघांची तुलना राहते का?

दुसरं, मोलला मराठीत काय म्हणू? चिचुंद्री म्हणवत नाही, ती वेगळ्या कुळातली. 'चांदणीनाक्या' कसं वाटतं? आणि 'डिंभक' दहा वर्षांच्या मुलांना झेपेल का? 'अळी' लिहिलं तर सुरवंट डोळ्यांपुढे येईल. याला तर सहा पाय आणि झपकन पुढे फेकला जाणारा जबडा आहे.

रविवारी रंगवायला घेणार आहे, त्याआधी सुचवा प्लीज.