मदत हवी आहे: यीस्ट वाढवलं की माद्याच का जास्त फुगतात?

नमस्कार मंडळी,
फळमाशीवर (ड्रोसोफिला) छोटा प्रयोग चाललाय. साखर तेवढीच ठेवून अळ्यांच्या खाद्यात यीस्ट, म्हणजे प्रथिनं, कमी-जास्त करतोय. कोषांचं वजन केलं तर यीस्ट वाढल्यावर माद्या चांगल्याच भरतात, नर मात्र जेमतेम फरक दाखवतात. निकृष्ट खाद्यावर दोघं जवळजवळ सारखेच दिसतात! मादी मुळातच मोठी असते आणि अंड्यांसाठी तिला साठा लागतो, हे कळतं. इन्शुलिनसारख्या संदेशांचा आणि 'ट्रान्सफॉर्मर' या लिंग ठरवणाऱ्या जनुकाचा यात हात आहे, हेही वाचलंय. माझं घोडं पुढे अडलंय.

मादी अळी जास्त खाते, की तेवढ्याच खाण्यात जास्त वाढते, हे वेगळं कसं काढायचं? खाद्यात रंग घालून पोटातला रंग मोजायचा विचार आहे. कुणी केलंय का? त्यासाठी अळीतच नर-मादी ओळखावे लागतील. तिसऱ्या अवस्थेत नराचे वृषण कातडीतून पारदर्शक ठिपक्यांसारखे दिसतात खरे, पण यीस्ट कमी असलेल्या बारक्या अळ्यांत नजर फसते. काही युक्ती?

आणखी एक शंका. बाटलीत गर्दी झाली की अळ्या तशाही लहान राहतात, त्यामुळे अंडी मोजूनच टाकतोय. तेवढं पुरेसं आहे का? शिंगवाल्या भुंग्यांमध्ये तर खाद्याचा परिणाम नराच्या शिंगांवर जास्त दिसतो, म्हणजे 'मादीच जास्त संवेदनशील' असा सरसकट नियम नसावा. रेशीमकिड्यांवर काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.