मदत हवी आहे : सुदानमधील १९५६ ते १९५८ च्या नेतृत्वाविषयी

सुदानच्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांवर आमच्या अभ्यासमंडळासाठी मी एक टिपण तयार करीत आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

इस्माईल अल-अझहरी हे इजिप्तशी एकीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाचे नेते होते. १९५३ च्या निवडणुकीत (जिच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते) त्यांच्या पक्षाला बहुमत मिळाले, आणि त्याच अझहरींनी पुढे १ जानेवारी १९५६ रोजी खार्टूममध्ये विरोधी पक्षनेते महजूब यांच्यासमवेत स्वतंत्र देशाचा ध्वज फडकवला. मात्र जुलैमध्येच त्यांचे सरकार गेले. अब्दुल रहमान अल-महदी आणि अली अल-मिरघनी या दोन धर्मगुरूंचे अनुयायी परंपरेने एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. तरीही अझहरींना दूर ठेवण्यासाठी त्यांचे पक्ष एकत्र आले आणि माजी लष्करी अधिकारी अब्दुल्ला खलील पंतप्रधान झाले. ही आघाडी मला मुळातच तकलादू वाटते.

खरी अडचण पुढे आहे. १७ नोव्हेंबर १९५८ रोजी सरसेनापती इब्राहिम अब्बूद यांनी सत्ता ताब्यात घेतली, ती खलील यांच्याच संमतीने, असे अनेक अभ्यासक मानतात. आपले सरकार पडू नये म्हणून पंतप्रधानाने लष्कराला बोलवावे, हे पटण्यासाठी भक्कम पुरावा हवा. खलील यांची भूमिका तपशिलाने मांडणारे मराठी किंवा इंग्रजी लेखन, तसेच सुदानच्या दक्षिण भागातून होणाऱ्या संघराज्यीय व्यवस्थेच्या मागणीकडे अझहरी आणि खलील या दोन्ही पंतप्रधानांनी कसे पाहिले याची चर्चा करणारे साहित्य कोणी सुचवू शकेल का?