जर्मनीत गणिताची परिषद, २० मिनिटांचं टॉक: सुरुवात कुठून करू?

पवईकर
पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय बीजगणितीय भूमिती. सप्टेंबरमध्ये जर्मनीत ५ दिवसांची परिषद आहे, २० मिनिटांचं टॉक मंजूर झालंय. राहणं-जेवण आयोजकांकडे, विमानाचं तिकीट माझ्याकडे. नंतर ४ दिवस पॅरिसला एका सेमिनारसाठी थांबावं म्हणतो. व्हिसा मुंबईतूनच काढायचाय. आधी काय करू?

खडूफळा
आधी निमंत्रणपत्र. साचेबंद ईमेलवर भागवू नका, लेटरहेडवर सही केलेलं पत्र मागवा. त्यात तारखा, टॉकचं शीर्षक आणि कोणता खर्च कोण करणार हे हवं. खर्चाचं लिहिलं नसेल तर सगळा भार तुमच्या बँक स्टेटमेंटवर येतो, आणि फेलोशिप उशिरा जमा होणाऱ्याचं स्टेटमेंट कसं दिसतं ते तुम्हाला माहीतच आहे. नाव पासपोर्टवर आहे तसंच; आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, आयोजक ते गाळतात.

अर्ज जर्मनीचाच करा, कारण शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणारे युरोपीय देश) मुक्काम जिथे जास्त, अर्ज त्या देशाचा. पॅरिसचे दिवस वाढवून ६ केलेत तर मात्र फ्रान्सकडे जावं लागेल. अर्ज प्रवासाच्या ६ महिने ते १५ दिवस आधी घेतात. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आली तर ४५ पर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून जूनमध्येच उरका. विमा किमान ३०,००० युरोचा, दोन्ही देशांतले सगळे दिवस धरून. पासपोर्टची मुदत परतीनंतर ३ महिने तरी उरायला हवी. संस्थेचं एनओसी (ना-हरकत पत्र) जोडा. शुल्क ९० युरो.

एप्सिलॉन
शुल्काबाबत दुरुस्ती. वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना शेंगेनच्या नियमांत व्हिसा शुल्क माफ आहे. पत्रात ‘वैज्ञानिक परिषदेत सहभाग’ असे शब्द असू द्या आणि काउंटरवर स्वतःहून विचारा, कोणी सांगणार नाही. व्हीएफएसचं (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं.

तिकिटाच्या अनुदानासाठी एनबीएचएम (राष्ट्रीय उच्च गणित मंडळ) आणि एएनआरएफ (संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था, पूर्वीचं एसईआरबी) या दोन्हीकडे बघा. पैसे बहुतेक वेळा परतल्यावर मिळतात, तेव्हा सुरुवातीची रक्कम हाताशी ठेवा. सरकारी पैशाचं तिकीट असेल तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजंटांकडूनच काढायचा नियम लागू शकतो. स्वस्त दिसलं म्हणून भलत्याच साइटवरून काढू नका, आधी अकाउंट्स सेक्शनला लेखी विचारा. जाता-येतानाचे सगळे बोर्डिंग पास जपा, बिल अडतं ते तिथेच.

द्विपद
टॉकबद्दल कोणीच बोललं नाही, तेव्हा मी लिहितो. २० मिनिटांत प्रश्नांचे ५ धरलेले असतात का ते विचारून घ्या. असले तर हाती १५ उरतात. स्लाइड्स १० ते १२, त्यापेक्षा जास्त नकोत. मुख्य प्रमेय चौथ्या मिनिटाच्या आत पडद्यावर आलं पाहिजे. त्याआधी फक्त एक उदाहरण, शक्यतो एखादा ठोस वक्र, समीकरणासकट. सिद्धता सांगायची नाही, तिच्यातली एकच युक्ती सांगायची. सगळ्या व्याख्या आधी ओळीने मांडल्या की नववं मिनिट संपतं आणि प्रमेय शेवटच्या मिनिटात कोंबावं लागतं.

बीमर (लॅटेकमधलं स्लाइड्स बनवायचं साधन) स्लाइड्स मुळात ४:३ मध्ये बनवतो. पडदा रुंद असेल तर ‘१६९’ हा पर्याय आधीच द्या; नंतर बदललात तर कम्युटेटिव्ह डायग्राम (बाणांच्या आकृत्या) सरकतात. पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि स्वतःलाच मेलवर, दोन्हीकडे.

पवईकर
आभार! फळ्यावर बोलायची वेळ आली तर?

द्विपद
तिथे फळा बऱ्याचदा ओल्या स्पंजने पुसतात. ओल्यावर खडू उमटत नाही, वाळला की अक्षरं दिसतात. म्हणून एक फळा पुसून ठेवा आणि तेवढ्यात दुसऱ्यावर लिहा. सरकता फळा भरला की वर ढकला. खालचा हातभर भाग रिकामा सोडा, पुढच्या डोक्यांमागे तो कोणाला दिसत नाही.

खडूफळा
आणि लॅपटॉपचा आपला तीन पिनी प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अडॅप्टर इथूनच लॅमिंग्टन रोडवरून घ्या, विमानतळावर तिप्पट लावतात.